विश्लेषण : कपड्यांच्या खळीतला स्टार्च पाण्यातील शिसे कसे पकडतो?

महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा वाई, संगम माहुली, कराडचा प्रीतिसंगम असा प्रवास करत सांगलीत येते. सांगली, मिरज, कुपवाडच्या नळांनाही कृष्णेचेच पाणी येते. त्यामुळे सातारा जिल्ह्यात सांडपाणी किती स्वच्छ करून सोडले जाते, हा सांगलीच्या स्वयंपाकघराचाही प्रश्न आहे. या सांडपाण्यातील जड धातू काढण्याचा एक स्वस्त पर्याय म्हणजे स्टार्च. तो कसा काम करतो, समजून घेऊ.

जड धातूंचा धोका वेगळा का?

मळी किंवा मैलापाणी नदीत मिसळले की पाण्यातील ऑक्सिजन घटतो आणि मासे मरतात. ही घाण डोळ्यांना दिसते, नाकाला कळते आणि जिवाणू तिचे हळूहळू विघटन करतात. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल यांचे मात्र विघटन होतच नाही. प्लेटिंग, बॅटरी, रंग अशा उद्योगांतून ते पाण्यात येऊ शकतात, गाळात आणि सजीवांच्या शरीरात साठतात. पाणी उकळल्यानेही ते जात नाहीत. शिशाचा मोठा धोका लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला असतो.

मर्यादा किती?

आयएस १०५००:२०१२ या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसे ०.०१, कॅडमियम ०.००३, निकेल ०.०२ आणि एकूण क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी शिशाची सर्वसाधारण मर्यादा ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे दहापट आहे. नदीत भरपूर पाणी असेल तर हे प्रमाण विरळ होते. उन्हाळ्यात प्रवाह आटला की तो आधार कमी होतो.

सध्याची पद्धत कुठे कमी पडते?

कारखान्यांत सहसा चुना किंवा कॉस्टिक सोडा घालून धातू गाळाच्या रूपात खाली बसवतात. यात बराचसा धातू निघतो, पण शेवटचा थोडा अंश पाण्यात उरतो. तो काढण्यासाठी अधिशोषक वापरतात, म्हणजे धातूचे कण आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणारा पदार्थ. आयन-एक्स्चेंज रेझिन हे काम चांगले करते, पण महाग पडते.

मग मक्याचे पीठ टाकले तर?

उपयोग नाही. स्टार्च म्हणजे ग्लुकोजची लांब साखळी. साधा स्टार्च धातूला फारसा धरत नाही आणि गरम पाण्यात त्याची खळ होते. म्हणून त्यात दोन बदल करतात. आधी रसायनाने साखळ्या एकमेकींना जोडतात, गोधडीला टाके घालावेत तशा. मग स्टार्च विरघळत नाही. त्यानंतर त्यावर धातू धरणारे गट बसवतात. कार्बोक्सिल गटावर ऋण भार असतो, तो शिसे, तांबे यांचे धन भाराचे आयन ओढतो. झँथेट गटातील गंधक पारा, कॅडमियम, शिसे यांना घट्ट धरतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात असा स्टार्च झँथेट सांडपाण्यासाठी तयार झाला.

प्लेटिंगमधले विषारी हेक्साव्हॅलंट क्रोमियम पाण्यात ऋण भाराच्या रूपात असते. त्यासाठी धन भाराचा स्टार्च लागतो. म्हणजे एकच पावडर सगळ्या धातूंवर चालत नाही.

अडचणी कोणत्या?

पाणी जास्त आम्लधर्मी असेल तर हायड्रोजनचे आयनच जागा अडवतात, म्हणून आधी पीएच सांभाळावा लागतो. पाण्यातील कॅल्शियमही काही जागा खातो. शिवाय धातू नाहीसा होत नाही, फक्त पाण्यातून पावडरीत जातो. कार्बोक्सिल प्रकारचा स्टार्च सौम्य आम्लाने धुऊन पुन्हा वापरता येतो, पण धुतलेल्या पाण्यात तो धातू उतरतोच. वापरून संपलेली पावडर घातक कचरा म्हणूनच हाताळावी लागते. ती उकिरड्यावर किंवा शेतात गेली तर सगळी मेहनत वाया.

घरी वापरता येईल का?

नाही. तुरटीने गढूळपणा जातो, विरघळलेले शिसे नाही. शंका असेल तर आधी पाण्याची धातूंसाठी प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. चांगल्या स्थितीतील आरओ यंत्र बहुतेक जड धातू मोठ्या प्रमाणात कमी करते.

स्टार्चची खरी जागा कारखान्याच्या शेवटच्या टाकीत आहे. हजार लिटर सांडपाण्यातील शिसे ०.१ वरून ०.०१ वर आणायचे तर फक्त ९० मिलिग्रॅम धातू पकडायचा असतो. तो तिथेच पकडणे सोपे. एकदा कृष्णेत मिसळला की तो वेगळा काढणे जवळपास अशक्य.