जखमी मांजर घरात घेताना

गोष्ट गेल्या गळीत हंगामातली. तेलगावात साखर कारखाना आहे. हंगामात रस्त्यावर रात्रंदिवस उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या चालू असतात. एका सकाळी ट्रॉलीचा धक्का लागून एक मांजर रस्त्याकडेला पडलं. वस्तीतल्या नऊ वर्षांच्या मुलाने ते उघड्या हातांनी उचललं. दुखऱ्या मांजराने त्याच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेतला. तरी पोराने मांजर सोडलं नाही, तसंच छातीशी धरून आमच्या दारात आलं.

आम्ही म्हणजे वस्तीत आरोग्याचं काम करणाऱ्या तिघी बाया. मुलाचे आईवडील कोयता घेऊन उसतोडीला गेलेले, तो आजीजवळ राहिलेला. आम्ही मांजर बारदान्यात गुंडाळून टोपल्याखाली ठेवलं आणि आधी पोराचा हात धरला. अंगावर घालायच्या साबणाने, वरून पाण्याची धार सोडत, घड्याळ लावून १५ मिनिटं जखम धुतली. हळद नाही, चुना नाही, तिखट नाही, वरून घट्ट पट्टीही नाही.

आजी म्हणाल्या, "मांजरच तर हाय, कुत्रं थोडंच चावलंय? त्याला कशाला सुई?"

हा गैरसमज घरोघरी आहे. रेबीज कुत्र्यासारखाच मांजराच्या चाव्यातून आणि ओरखड्यातूनही होतो. लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लस मात्र वेळेवर घेतली तर जीव वाचतो, आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं सिरमही लागतं, ते डॉक्टरांना आठवणीने विचारा. दंडावर कातडीत देतात त्या लसीचे डोस चार असतात : पहिला दिवस शून्य धरून मग तिसऱ्या, सातव्या आणि २८व्या दिवशी. गरोदर बाईलाही ही लस चालते. टोळीबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागलं तर कार्ड सोबत न्या, पुढचा डोस तिथल्या सरकारी दवाखान्यात घ्या.

आता मांजराचं काय? काही जण म्हणाले, लांब सोडून या. पण चावलेल्या कुत्र्या-मांजरावर १० दिवस नजर ठेवावी लागते. ते आजारी पडलं, विनाकारण अंगावर येऊ लागलं, लाळ गळू लागली, झोकांड्या खाऊ लागलं, तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. म्हणून ते मारायचं नाही आणि हाकलायचंही नाही. लस मात्र या १० दिवसांसाठी थांबवायची नाही. मांजर आमच्याकडे राहिलं ते असं, आधी फक्त १० दिवसांसाठी.

जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं. हाड मोडलं नव्हतं, मांडीवर खोल जखम होती. आम्ही जाड कापडात धरून, उकळून थंड केलेल्या मिठाच्या पाण्याने ती पुसायचो आणि त्यांनी दिलेलंच औषध द्यायचो. आपल्या घरातली तापाची पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नका, एका गोळीनेही ते मरू शकतं. जखमेवर फिनेल लावू नका, मांजर ते चाटतं.

दहा दिवस झाले. मांजर लंगडत का होईना, चालू लागलं. पोरगं म्हणालं, आता ठेवूनच घेऊ. आजींना राग आला. "आपल्या माणसाला तळ्याचं पाणी नव्हतं, कुत्र्यामांजराला होतं. आता त्याचेच लाड करायचे?"

आजींचं बोलणं खोटं नव्हतं. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती आणि आपल्याला बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतलं. पण बंदी माणसांनी घातली होती, तिथे पाणी पिणाऱ्या मांजराने नव्हे. आम्ही एवढंच म्हणालो. आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आधी लेकराच्या सुया पुऱ्या होऊ द्या. मग मांजराचं बघा."

आम्हाला ते पटलं. २८व्या दिवशी चौथी सुई झाली आणि त्याच संध्याकाळी आम्ही बसून ठरवलं. दया आली म्हणून मांजर ठेवणं सोपं असतं, पण हंगाम लागला की घराला कुलूप पडतं आणि मांजर पुन्हा रस्त्यावर येतं. म्हणून पहिला प्रश्न हा : सहा महिने त्याला कोण बघणार? आमच्यातली एक बारमाही गावातच असते, तिने जबाबदारी घेतली.

मग बाकीचं. मांजराला रेबीजची लस द्यायची आणि पुढचे डोस डॉक्टर सांगतील तेव्हा चुकवायचे नाहीत. मांजरी असेल तर नसबंदी करून घ्यायची, कारण ती सव्वादोन महिन्यांत वितेते आणि वर्षातून अनेकदा पिल्लं देते. विष्ठेसाठी चुलीपासून लांब वाळूचं घमेलं ठेवायचं आणि ते रोज साफ करायचं. हे काम गरोदर बाईने करू नये, मांजराच्या विष्ठेतून पोटातल्या बाळाला इजा करणारा टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू येऊ शकतो. मांजराच्या अंगावर केस गळून गोल चट्टे दिसले तर तो नायटा असू शकतो, तो लेकरांनाही लागतो. मांजराला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे.

एवढं जमणार नसेल तर मांजर बरं होईपर्यंत सांभाळा आणि ज्याला जमेल त्याच्या हाती द्या. त्यात कमीपणा नाही. आमच्याकडचं मांजर राहिलं. पोरगं रोज शाळा सुटली की त्याला बघायला येतं, आणि जाताना हात धुतल्याशिवाय आजी त्याला उंबरा ओलांडू देत नाहीत.