मागच्या चौकातलं बर्लिन

बर्लिनमध्ये कुणाच्या घरी जायचं असेल तर फ्लॅटचा नंबर विचारून सहसा उपयोग होत नाही. जुन्या इमारतींच्या मुख्य दाराशी घंटीची बटणं असतात आणि प्रत्येक बटणाशेजारी फक्त आडनाव. आमच्या मैत्रिणीने कळवलेल्या पत्त्यात रस्ता आणि घर क्रमांकाच्या खाली एक ओळ होती : दुसरा चौक, आडवी इमारत, तिसरा मजला, डावीकडे. त्या ओळीत या शहराचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि ब्रांडेनबुर्ग दरवाज्यासमोर कितीही वेळ उभं राहिलं तरी तो कळत नाही.

१८६२ मध्ये जेम्स होब्रेख्ट या अभियंत्याने वाढत्या बर्लिनचा आराखडा तयार केला. त्याने रस्ते रुंद आखले, पण रस्त्यांमधले भूखंड फार खोल ठेवले. जमीनमालकांनी त्याचा पुरेपूर फायदा उठवला. रस्त्यालगत एक इमारत, तिच्यामागे चौक, मग दुसरी इमारत, पुन्हा चौक. चौक निदान केवढा असावा? तेव्हाच्या बांधकाम नियमांप्रमाणे ५.३४ मीटर लांब आणि तेवढाच रुंद, कारण आगीचा बंब वळवायला तेवढी जागा पुरत होती. ऊन खालपर्यंत पोचतं का, याचा विचार त्या आकड्यात नव्हता. रस्त्याकडच्या घरांत डॉक्टर, अधिकारी, व्यापारी राहत. मागे कामगार, आणि बऱ्याच ठिकाणी सगळ्यात मागे कारखाना. संडास जिन्यात किंवा चौकात, अनेक बिऱ्हाडांत मिळून एक. गिरणगावच्या चाळीत लहानपण गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. वेडिंग भागातल्या मायर्स होफ या वास्तूत एकामागोमाग सहा चौक होते आणि गर्दीच्या काळात तिथे दोनेक हजार माणसं राहत. या चौकांतली पोरं, बायका आणि दमलेले बाप हाइन्रिश त्सिले या चित्रकाराने आयुष्यभर रेखाटले.

मायर्स होफ १९७२ मध्ये पाडलं गेलं. ज्या इमारती वाचल्या त्यांत आज मागचं घर मिळावं म्हणून लोक धडपडतात, कारण रस्त्याचा आवाज तिथवर येत नाही. मैत्रिणीच्या चौकात सायकलींची दाटी, वेगवेगळ्या कचऱ्याचे रंगीत डबे आणि मधोमध एक चेस्टनटचं झाड आहे. बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात फरश्या लावलेली, जवळजवळ छतापर्यंत पोचणारी जुनी शेगडी अजून उभी आहे. आता ती पेटत नाही, पण तळघरातून कोळशाच्या विटांची बादली तीन जिने चढवून आणल्याचं मैत्रिणीला चांगलं आठवतं. बर्लिनची भिंत पडल्यानंतरच्या दशकात हळूहळू मध्यवर्ती हीटिंग आलं. इतिहासाच्या पुस्तकात भिंत आणि शीतयुद्ध असतं. ही बादली माणसांकडूनच कळते.

खाली दाराबाहेर, पदपथात, वर पितळी पत्रा असलेले दहा सेंटिमीटरचे चौकोनी दगड बसवलेले आहेत. गुंटर डेम्निग या कलावंताने १९९० च्या दशकात हे काम सुरू केलं. नाझींनी ज्यांना नेलं त्यांचं नाव, जन्मवर्ष आणि शेवट, त्यांच्या स्वतःच्या राहत्या दारासमोर. २०२३ पर्यंत युरोपभरात असे एक लाखाहून अधिक दगड बसले. मोठ्या स्मारकांना भेट मी दिली होती आणि ती द्यायलाच हवी. पण इथे इमारतीतल्या रहिवाशांनीच वर्गणी काढून दगड बसवून घेतले आहेत, आणि दर ९ नोव्हेंबरला, १९३८ मध्ये सिनेगॉग जाळली गेली त्या रात्रीच्या स्मरणदिनी, पाळी ठरवून ते पितळ घासतात. रोज त्याच जिन्याने वर जाणाऱ्या लोकांनी ते करण्यात मला फार मोठं काही वाटतं.

परक्या शहरातल्या मित्राला आपण सहसा विचारतो, ‘काय काय पाहू?’ तो बिचारा यादी देतो आणि सुट्टी काढून आपल्याबरोबर रांगेत उभा राहतो. त्याऐवजी ‘तुमच्या रविवारात मला घ्या’ असं सांगावं, असं माझं ठाम मत झालं आहे. जर्मनीत रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून थेट राज्यघटनेने जपलेला आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं ते कलम आजच्या घटनेतही कायम आहे. दुकानं बंद असतात. काचेच्या बाटल्या खळकन सार्वजनिक डब्यात टाकायलाही त्या दिवशी मनाई. पर्यटकाला हे अडचणीचं वाटतं, पण लोक घरी असतात, वेळ काढून बसतात, आणि पाहुण्याला त्यात जागा मिळते. फक्त वेळ आधी ठरवावी आणि चारला म्हटलं की चारलाच पोचावं.

आमचा रविवार मळ्यात गेला. बर्लिनमध्ये रेल्वेमार्गांच्या कडेने, वसाहतींच्या मध्ये असे सुमारे सत्तर हजार छोटे मळे आहेत, बहुतेक सार्वजनिक जमिनीवर. गाडीतून जाताना प्रवाशाला ते झोपड्यांच्या रांगेसारखे दिसतात. १९८३ च्या कायद्याने त्यांचं सगळं ठरवून दिलं आहे : मळा साधारण चारशे चौरस मीटरपेक्षा मोठा नसावा, आतली खोली ओट्यासकट २४ चौरस मीटरपर्यंत, तिथे कायम राहायचं नाही. न्यायालयाच्या निकालाप्रमाणे निदान एक तृतीयांश जमिनीवर भाजी-फळं घ्यावी लागतात. नुसती हिरवळ लावून खुर्च्या टाकल्या तर मळेधारकांच्या संघटनेचं पत्र येतं. दुपारी यंत्रं बंद. मळा मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. युद्धानंतर घरं उद्ध्वस्त झालेली कितीतरी कुटुंबं अशा खोल्यांतच राहिली. मैत्रिणीचे आजोबा त्यांतलेच.

आम्ही बेदाण्यासारख्या लाल आंबट फळांचे घोस तोडले, बटाटे खणून काढले. जेवणात तेच बटाटे सालीसकट उकडून, चक्क्यासारखं घट्ट क्वार्क आणि वर जवसाचं तेल. बर्लिनभोवतीच्या ब्रांडेनबुर्गचं हे जुनं गरिबीचं जेवण आहे, आणि शाकाहारी मराठी माणसाला याहून चांगलं काही त्या शहरात मिळणार नाही.

जेवताना वाद निघाला. शहरातली घरभाडी भयंकर वाढली आहेत आणि मैत्रिणीची मुलगी कित्येक महिने घर शोधते आहे. टेम्पेलहोफचा विमानतळ २००८ मध्ये बंद झाला, २०१० पासून ते विस्तीर्ण मैदान लोकांना खुलं आहे. धावपट्टीवर मुलं स्केटिंग करतात, पतंग उडतात. कडेने काही हजार घरं बांधायचा सरकारचा बेत २०१४ च्या सार्वमतात लोकांनी फेटाळला. मैत्रीण तेव्हा ‘बांधू नका’च्या बाजूची होती आणि आजही आहे. मुलीचं म्हणणं, तुमच्याकडे जुन्या भाड्याचं घर आहे म्हणून तुम्हाला मोकळं मैदान परवडतं. मग हे मळे तरी का ठेवायचे, असा पुढचा प्रश्न आला. आई गप्प झाली नाही. मळे गेले तर तापलेल्या शहरात सावली उरणार कुठे, असं तिने विचारलं. शेजारच्या कुंपणापलीकडून एक वृद्ध गृहस्थही बोलू लागले. २०२१ मध्ये मोठ्या भाडेकंपन्यांची घरं समाजाच्या मालकीची करावीत, असा कौल सार्वमतात मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी दिला. तो अजून अमलात का आला नाही, हा त्यांचा मुद्दा.

प्रेक्षणीय स्थळांभोवतीचे वाद बहुधा मिटलेले असतात, निदान फलकावर छापण्याइतके. चालू वाद ऐकायला कुणाच्या तरी ताटावर बसावं लागतं. शेवटी मुलगी माझ्याकडे वळली : तुमच्या शहरात काय करतात? मी पुण्याच्या टेकड्यांबद्दल सांगितलं. त्या मोकळ्या ठेवायच्या की त्यांच्या उतारांवर बांधू द्यायचं, यावर आमच्याकडेही वर्षानुवर्षं सभा, मोर्चे आणि न्यायालयं चालली आहेत. टेकडीवर सकाळी कोण फिरायला जातं, जमिनीची मालकी कुणाची, पायथ्याच्या वस्तीतली माणसं काय म्हणतात, हे सगळे तिचे प्रश्न. काहींची उत्तरं देता आली, काहींसाठी घरी फोन करून विचारीन असं म्हणालो, आणि त्या गृहस्थांनी खुर्ची कुंपणाच्या अलीकडे आणली.