वजन नियंत्रणातील आहार व व्यायाम यांचा समन्वय : एक विवेचन

प्रस्तावना :

वजन कमी करण्याचा निश्चय करणाऱ्या व्यक्ती बहुधा दोन टोकांच्या मार्गांपैकी एक मार्ग स्वीकारताना दिसतात. काही जण आहार पूर्ववत ठेवून केवळ पहाटेच्या फिरण्यावर विसंबतात; तर काही जण जेवण एकदम निम्म्यावर आणून त्याच्या जोडीला कठोर व्यायाम सुरू करतात. पहिल्या मार्गाने वजनकाट्यावरील आकडा फारसा हलत नाही. दुसऱ्या मार्गाने तो वेगाने खाली येतो. परंतु काही महिन्यांत पुन्हा मूळ पदावर जातो. दोन्ही प्रसंगी दोष व्यक्तीच्या निग्रहाला दिला जातो. वास्तविक पाहता येथे आहार व व्यायाम यांच्या कार्याविषयीचा गैरसमज अधिक कारणीभूत असतो. ही दोन साधने एकमेकांना पर्याय नसून त्यांची कार्ये भिन्न आहेत, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे :

१) ऊर्जासंतुलनाची संकल्पना समजून घेणे.
२) केवळ व्यायाम व केवळ आहारकपात यांच्या मर्यादा अभ्यासणे.
३) भारतीय शरीररचनेच्या संदर्भात दोहोंच्या समन्वयाची दिशा सुचविणे.

ऊर्जासंतुलनाची संकल्पना :

शरीराचा ऊर्जाखर्च तीन प्रकारे होतो. बैठे जीवन जगणाऱ्या व्यक्तीत श्वसन, रक्ताभिसरण, तापमान राखणे इत्यादी मूलभूत क्रियांसाठी एकूण खर्चाचा सर्वांत मोठा, साधारणतः ६० ते ७० टक्के, वाटा लागतो. अन्नपचनासाठी सुमारे दशांश आणि उर्वरित वाटा हालचालीसाठी खर्च होतो. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाची दैनंदिन गरज सुमारे २,११० किलोकॅलरी, तर ५५ किलो वजनाच्या स्त्रीची सुमारे १,६६० किलोकॅलरी आहे.

एक किलो मेदात साधारण ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठविलेली असते. म्हणजेच रोज ५०० किलोकॅलरीची तूट ठेवल्यास आठवड्याला सुमारे अर्धा किलो वजन कमी व्हावे. आरंभी हे गणित बऱ्याच अंशी जुळते. मात्र शरीर हलके होत जाते तसतसा त्याचा खर्चही घटतो व वजन घटण्याचा वेग मंदावतो. ही शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया होय. तिला अपयश समजू नये.

केवळ व्यायामाची मर्यादा :

सत्तर किलो वजनाची व्यक्ती ताशी ५ किलोमीटर वेगाने अर्धा तास चालली तर सुमारे १२० किलोकॅलरी खर्च होतात. त्यांपैकी ३५ किलोकॅलरी ती स्वस्थ बसली असती तरी खर्च झाल्याच असत्या. दुसरीकडे फोडणीत पडणाऱ्या एका मोठ्या चमचाभर तेलातून सुमारे १२५ किलोकॅलरी मिळतात. फिरून परतताना वाटेत खाल्लेला एक वडापाव त्या फेरीचा संपूर्ण हिशेब पुसून टाकतो व वर शिल्लकही ठेवतो.

या संदर्भात जीन मेयर, पूर्णिमा रॉय व कामाख्या प्रसाद मित्र यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास उल्लेखनीय आहे. कोलकात्यानजीकच्या एका ताग गिरणीतील २१३ पुरुषांचा आहार, वजन व कामाचे स्वरूप त्यांनी तपासले. हलक्या कामापासून अवजड कामापर्यंत श्रम वाढतील तसा आहार वाढत होता व वजन मात्र जवळपास स्थिर होते. याउलट अगदी बैठे काम करणाऱ्यांचा आहार हलके काम करणाऱ्यांपेक्षा अधिक होता व त्यांचे वजनही अधिक होते. यावरून दोन गोष्टी सूचित होतात. श्रमाबरोबर भूक वाढते, म्हणून केवळ श्रम वाढवून वजन घटेलच असे नाही. आणि हालचाल अत्यल्प झाली की भुकेचे नैसर्गिक नियमन सैल पडते.

केवळ आहारकपातीची मर्यादा :

अन्सेल कीज यांनी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चोवीस आठवडे त्यांचा आहार जवळजवळ निम्म्यावर आणण्यात आला आणि आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणे बंधनकारक होते. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. परंतु त्याबरोबर स्नायू झिजले, मूलभूत चयापचय मंदावले, थकवा व औदासीन्य आले आणि मन सतत अन्नाभोवती घोटाळू लागले. आहार पुन्हा मोकळा झाल्यावर भूक अनावर झाली. स्नायू भरून येण्यापूर्वीच मेद मूळ प्रमाणापेक्षाही वाढला. अर्धपोटी राहून कठोर व्यायाम करणाऱ्या व्यक्तीचे वजन परत का वाढते, याचे उत्तर येथे मिळते.

आपल्याकडील उपवासाचा विचारही स्वतंत्रपणे करावयास हवा. ५० ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचे कूट व १५ ग्रॅम तूप यांच्या खिचडीतून सुमारे ४८० किलोकॅलरी व जेमतेम ८ ग्रॅम प्रथिने मिळतात. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या दोन भाकऱ्या व ३० ग्रॅम तूरडाळीचे वरण यांतून सुमारे ४४० किलोकॅलरी व जवळपास दुप्पट प्रथिने मिळतात. धार्मिक भावनेने केलेल्या उपवासाचे मूल्य वेगळे. परंतु वजन घटविण्याचे साधन म्हणून असा फराळ फारसा उपयोगी नाही.

भारतीय शरीररचनेचा संदर्भ :

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचाही शरीर वस्तुमान निर्देशांक २२.३ होता, परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात मेद अधिक व स्नायू कमी असू शकतात, हे या उदाहरणातून ठळकपणे पुढे आले. म्हणूनच भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर मानली जाते.

ज्या समाजात स्नायूंची पुंजी मुळातच तुटपुंजी आहे, तेथे वजन घटविताना स्नायू गमावणे अधिक महागात पडते. केवळ आहारकपातीने घटलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा मेदाव्यतिरिक्त ऊतींचा असतो. व्यायामाचे खरे कार्य येथे सुरू होते. आहार वजन किती घटणार हे मुख्यत्वे ठरवितो. तर व्यायाम घटलेल्या वजनात मेद किती व स्नायू किती हे ठरविण्यास आणि घटलेले वजन टिकविण्यास साहाय्य करतो.

शिवाय व्यायामाचा लाभ वजनावरच अवलंबून नसतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींवर भारतात झालेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रतिबंधात्मक अभ्यासात आहार-व्यायामातील बदलामुळे मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. आणि तोही वजनात लक्षणीय घट न होता.

समन्वयाची दिशा :

१) ऊर्जेची तूट माफक ठेवावी. रोजच्या आहारातून ३०० ते ४०० किलोकॅलरी कमी कराव्यात व उर्वरित तूट हालचालीतून साधावी. तेल, साखर, तळलेले पदार्थ व वरचेवर होणारा गोड चहा येथून कपात सुरू करावी; वरण, उसळ, ताक व भाज्या यांतून नव्हे.

२) प्रथिनांची किमान शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे. वजन घटविताना ती १ ग्रॅमच्या आसपास राखणे हितावह ठरते. डाळी, कडधान्ये, दूध, अंडी, मासे यांचा समावेश प्रत्येक जेवणात विभागून असावा.

३) जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम व किमान दोन दिवस स्नायूबलवर्धक व्यायाम करावा. आपल्या परंपरेतील जोर व बैठका या दुसऱ्या प्रकारातच मोडतात.

४) व्यायामानंतर ‘कमावलेले’ अतिरिक्त खाणे टाळावे, नेहमीचे जेवणच त्या वेळेस जुळवून घ्यावे. पूर्ण उपवासाच्या दिवशी कठोर व्यायाम करू नये.

५) वजनासोबत कमरेचा घेरही मोजावा. काटा स्थिर असताना घेर कमी होत असेल तर मार्ग योग्य आहे.

दक्षता :

इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या मधुमेही व्यक्तींनी आहार घटवून व्यायाम वाढविल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. म्हणून औषधाची मात्रा वैद्यकीय सल्ल्याने आधी ठरवून घ्यावी. मूत्रपिंडविकार असल्यास प्रथिने परस्पर वाढवू नयेत. गरोदर व स्तनदा मातांनी वजन घटविण्याचे प्रयोग करू नयेत. व्यायाम करणाऱ्या तरुणींची मासिक पाळी अनियमित होणे वा थांबणे हे आहार अपुरा पडत असल्याचे लक्षण असू शकते. त्याकडे दुर्लक्ष करू नये.

निष्कर्ष :

व्यायामाने अतिरिक्त आहाराची भरपाई सहसा होत नाही आणि उपासमारीने व्यायामाची जागा भरून निघत नाही. माफक आहारकपात, पुरेशी प्रथिने, नियमित चालणे व स्नायूंचा व्यायाम या चारही गोष्टी एकत्र आल्या तरच घटलेले वजन प्रामुख्याने मेदाचे राहते व टिकून राहण्याची शक्यता वाढते. वेग थोडा मंद राहिला तरी चालेल. वर्षानुवर्षे सांभाळता येईल असाच आहार व असाच व्यायाम निवडणे, हे समन्वयाचे खरे सूत्र होय.