कपड्यांना सिरका : कोठे लाभाचा, कोठे नाही

सिरका म्हटला की लोणचे आणि दस्तरखान आठवतो. पण आम्हा कोरेगावच्या कापडवाल्यांकडे गिऱ्हाईक त्याची चौकशी वेगळ्याच कारणाने करते : "नव्या ड्रेसचा रंग जाऊ नये म्हणून सिरक्यात भिजवू का?" कित्येक दुकानदार बांधव "हो" म्हणून मोकळे होतात. पुढे रंग सुटला की तेच गिऱ्हाईक ओला कपडा घेऊन पायरीवर उभे, आणि जबान दिलेली असते आपण. म्हणून हा खुलासा.

सुती कापडावरचा आजचा बराचसा रंग 'रिअ‍ॅक्टिव्ह' जातीचा असतो. तो धाग्यात पक्का करताना रंगारी सोडा घालतो, म्हणजे सिरक्याच्या नेमके उलट. कारखान्यात कच्चा राहिलेला रंग घरच्या बादलीत आंबट पाण्याने पक्का होत नाही. रेशीम आणि लोकर यांचे बरेच रंग मात्र आम्लातच चढतात. ही समजूत तिकडूनच सुतीकडे आली असावी. गिऱ्हाइकाला सरळ सांगावे, पहिले दोन-तीन वेळा वेगळे, थंड पाण्यात धुवा.

सिरक्याचा खरा उपयोग शेवटच्या खळबळण्यात. बोअरचे पाणी जड असले की त्यातला चुना साबणाशी मिळून चिकट थर धरतो. पांढरे कुर्ते, टोप्या राखट दिसतात, टॉवेल पत्र्यासारखा कडक होतो. साबण पूर्ण निघाल्यावर 15 लिटरच्या बादलीत अर्धा कप सिरका घालून कपडे पाच मिनिटे ठेवावेत, मग साध्या पाण्यातून काढावेत. उरलेला सोडा मरतो, थर सुटू लागतो. साबणाच्याच पाण्यात सिरका ओतणारे दोन्ही वाया घालवतात. साबण फुटून त्याची चरबी कपड्यावर बसते. बाटलीवर 'सिंथेटिक' पाहून बिचकू नये. धुण्याला तो बिनरंगी सिरकाच बरा, तपकिरी सिरक्याचा डाग पडेल. बिनजरीच्या रेशमाला हे पाणी दिले तर जुने लोक ज्या सळसळीवर रेशीम ओळखत, तीही येते.

जरीला लावू नये. नकली जरीत तांबे असते, ते काळे-हिरवे पडते. पुडीची नीळही त्यात मिसळू नये, आम्लाने तिचा रंग मरतो. आणि ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात सिरका कधीही नको; क्लोरीन वायू सुटतो, श्वास कोंडतो. लाँड्रीवाल्या बांधवांनी हे आपल्या कारागीर पोरांनाही बजावून ठेवावे, कारण दोन्ही बाटल्या बहुधा एकाच फळीवर असतात.