लागणीप्रमाणे नोंदही तपासा!

सभासद बंधूंनो,

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात पीक पेऱ्याची नोंद शेतकऱ्यानेच मोबाईलवर करायची सोय झाली. पण शिवारात रेंज नसली, तर फोटोसकट माहिती मोबाईलमध्येच पडून राहते. आपण समजतो, काम झालं! इकडे सातबाऱ्यावर ऊस चढतच नाही आणि पुढे कर्ज, नुकसानभरपाई अडते.

कांडी लावली म्हणजे उगवलीच असे नाही. सरीत फिरल्याशिवाय नांग्या दिसत नाहीत. तसेच रेंजमध्ये येऊन माहिती अपलोड झाली का बघा, नंतर सातबारा तपासा.

कारखान्याच्या ऊस नोंदीचीही पोच मागून घ्या. तक्रार आली नाही म्हणजे सारे ठीक, असे आम्हीही धरू नये. दर आठवड्याला एक चाचणी नोंद पाठवून ती पोचते का, हे शेतकी खात्यानेही पाहिले पाहिजे.

– ऊस विकास अधिकारी