लिंकिंग रिंग (जादूचा प्रयोग)

लिंकिंग रिंग हा रंगमंचीय जादूतील एक जुना आणि जगभर परिचित असलेला प्रयोग आहे. यास चायनीज रिंग असेही म्हणतात. धातूच्या अखंड भासणाऱ्या गोल कड्या प्रेक्षकांसमोर एकमेकींत गुंतवणे, त्यांची साखळी करणे आणि पुन्हा त्या सोडवणे, असे या प्रयोगाचे स्वरूप असते. साहित्य थोडे, यंत्रसामग्री नाही आणि भाषेचा अडसर नाही, यांमुळे शाळेच्या स्नेहसंमेलनापासून मोठ्या नाट्यगृहापर्यंत तो सर्वत्र सादर केला जातो. प्रयोगाचे यश हातचलाखीइतकेच कड्यांच्या निवडीवरही अवलंबून असते. कडीचा व्यास, सळईची जाडी, संचातील कड्यांची संख्या आणि खुल्या कडीचा प्रकार या चार गोष्टी प्रयोगकर्त्याच्या हाताला व प्रयोगस्थळाला अनुरूप असाव्या लागतात.

या लेखात प्रयोगामागील तत्त्व स्पष्ट केले आहे.

इतिहास

या प्रयोगाचा नेमका उगम निश्चित झालेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात आलेल्या चिनी कलावंतांमुळे तो तेथे लोकप्रिय झाला, आणि त्यावरूनच त्यास 'चायनीज' हे विशेषण चिकटले. फ्रेंच जादूगार फिलिप याने तो आपल्या कार्यक्रमात घेतला. 'प्रोफेसर हॉफमन' या टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज लेखकाच्या 'मॉडर्न मॅजिक' (१८७६) या ग्रंथात त्याचे सविस्तर वर्णन आढळते. विसाव्या शतकात डाय व्हर्नन (१८९४–१९९२) या जादूगाराने या प्रयोगाला लयबद्ध व नेटके रूप दिले. नेदरलँड्सचा रिचर्ड रॉस याने मुख्यतः कड्यांच्याच प्रयोगावर १९७० आणि १९७३ साली जागतिक जादू स्पर्धेतील सर्वोच्च पुरस्कार मिळवला.

भारतातील पारंपरिक गारुड्यांची ओळख मात्र वाट्या-गोळ्या, टोपलीतील मुलगा आणि आंब्याचे झाड या प्रयोगांशी जोडलेली आहे. रंगमंचीय जादू पडदा, प्रकाशयोजना आणि तिकीट यांसह पुढे वाढली. बंगालचे पी. सी. सरकार (१९१३–१९७१) आणि महाराष्ट्रातील जादूगार रघुवीर (१९२४–१९८४) यांच्यासारख्या कलावंतांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली.

तत्त्व

दोन बंद वलये एकमेकांत गुंतलेली नसतील, तर त्यांपैकी एक तोडल्याशिवाय ती गुंतवता येत नाहीत. गुंतलेली असतील, तर तोडल्याशिवाय सोडवता येत नाहीत. वलये कितीही वाकवली वा फिरवली, तरी या नियमास अपवाद नाही. दोन वलये एकमेकांत किती वेळा गुंतली आहेत हे मोजण्याची रीत जर्मन गणितज्ञ गाऊस याने १८३३ मध्ये मांडली. तिच्यातून मिळणारी संख्या वलये न तोडता बदलत नाही.

याचा अर्थ असा की, प्रेक्षकांना जे 'गुंतवणे' दिसते त्याचे दोनच खुलासे संभवतात. एक तर त्या कड्या आरंभापासूनच गुंतलेल्या होत्या, अथवा त्यांपैकी एक कडी बंद नव्हती. प्रयोगात या दोन्हींचा उपयोग केला जातो आणि संचाची रचनाही त्यावरूनच ठरते.

संचाची रचना

आठ कड्यांचा संच सर्वाधिक रूढ आहे. त्यात पुढील भाग असतात :

- सुट्या कड्या : २
- कायमची जोडलेली जोडी : १ (कड्या २)
- कायमची जोडलेली साखळी : १ (कड्या ३)
- खुली कडी : १

खुल्या कडीला जादूगारांच्या बोलीत 'की रिंग' म्हणतात. तिच्या परिघात एक लहान फट असते आणि ती अंगठा व तर्जनी यांच्या पकडीत झाकलेली असते. सुट्या कड्या, जोडी व साखळी तपासण्यासाठी प्रेक्षकांच्या हाती देता येतात. खुली कडी प्रयोगकर्त्याच्या हातातून सुटत नाही. आरंभी आठही कड्या सुट्या आहेत असा भास निर्माण करणारी मोजणी हा प्रयोगातील महत्त्वाचा व सरावाने साधणारा भाग होय.

चार कड्यांच्या संचात बहुधा एक सुटी, एक जोडी आणि एक खुली कडी असते. तीन कड्यांच्या प्रयोगात दोन सुट्या व एक खुली कडी वापरली जाते. कड्या जितक्या कमी, तितके प्रेक्षकाचे लक्ष प्रत्येक कडीवर अधिक खिळते आणि हातचलाखीवरील भार वाढतो. आठ कड्यांत आकृत्या करता येतात, साखळी लोंबते व आवाजाची भर पडते. परंतु वजन वाढते. नवशिक्याने कमी कड्या म्हणजे सोपा प्रयोग असा समज करून घेऊ नये.

निवडीचे निकष

व्यास

बाजारात साधारणतः ४, ८, १० व १२ इंच व्यासाच्या कड्या मिळतात. कडी दुरून किती मोठी दिसेल याचा अंदाज चंद्रबिंबाशी तुलना करून घेता येतो. पूर्ण चंद्र आपल्या डोळ्याशी सुमारे अर्ध्या अंशाचा कोन करतो. १२ इंची (सुमारे ३० सेंमी) कडी २० मीटरवरून ०.९ अंशाची, ८ इंची कडी ०.६ अंशाची, तर ४ इंची कडी केवळ ०.३ अंशाची दिसते. म्हणजे २० मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला ८ इंची कडी चंद्रबिंबाहून थोडी मोठी, तर ४ इंची कडी त्याहून बरीच लहान भासते. यास्तव ४ इंची कड्या समोरासमोरच्या बैठकीसाठी, ८ व १० इंची वर्गखोली किंवा लहान सभागृहासाठी आणि १२ इंची मोठ्या मंचासाठी योग्य समजल्या जातात.

सळईची जाडी

जाडीमध्ये दोन गरजांचा विरोध असतो. जाड सळई दुरून स्पष्ट दिसते. ६ मिमी जाडी २० मीटरवरून सुमारे १ कला (अंशाचा साठावा भाग) इतकी भरते आणि निरोगी डोळ्याची बारकावा टिपण्याची सामान्य मर्यादाही जवळपास तितकीच आहे. ८ मिमी जाडी त्याच अंतरावरून सुमारे १.४ कला भरते.

तथापि सळई जितकी जाड, तितकी खुल्या कडीची फट रुंद ठेवावी लागते, कारण दुसऱ्या कडीची सळई तिच्यातून सहज जावयास हवी. ८ मिमी सळईसाठी फट ९ ते १० मिमी लागते. प्रौढाचा अंगठा ती आरामात झाकतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या पकडीतून मात्र तिची कड डोकावण्याचा संभव असतो. विद्यार्थ्याने म्हणूनच ८ इंच व्यासाच्या, पातळ सळईच्या कड्यांपासून आरंभ करणे श्रेयस्कर.

वजन

पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.९ ग्रॅम असते. त्यावरून भरीव कड्यांचे वजन असे निघते :

- १२ इंची, ८ मिमी सळई : एक कडी सुमारे ३७० ग्रॅम, आठ कड्या सुमारे ३ किलो
- १२ इंची, ६ मिमी सळई : एक कडी सुमारे २१० ग्रॅम, आठ कड्या सुमारे १.७ किलो
- १० इंची, ८ मिमी सळई : एक कडी सुमारे ३०७ ग्रॅम, आठ कड्या सुमारे २.५ किलो

आरंभीच्या मोजणीत हे सारे वजन एका हातावर पेलावे लागते. हात थकला की पकड सैल होते, आणि पकड सैल झाली की फट उघडी पडते. पोकळ नळीच्या कड्या हलक्या असतात. परंतु त्यांचा नाद बोदा येतो व त्यांना पोचे लवकर पडतात. धातूवर धातू आपटल्याचा खणखणीत आवाज हा कड्या अखंड असल्याचा प्रेक्षकाला पटणारा पुरावा असल्याने नादाकडे दुर्लक्ष करू नये.

खुल्या कडीचा प्रकार

साधी फट असलेली कडी स्वस्त, टिकाऊ व भरवशाची असते. खटक्याने किंवा चुंबकाने फट बंद होणाऱ्या कड्याही मिळतात. त्यांतील फट काही काळ झाकावी लागत नाही, त्यामुळे हात मोकळा दाखवता येतो. मात्र खटका अडकणे, सैल होणे वा ऐन वेळी आवाज करणे हे त्यांचे दोष होत. साध्या कडीवर हात बसल्यानंतरच अशा कडीकडे वळणे हिताचे असते.

धातू व पृष्ठभाग

मुलामा दिलेल्या लोखंडी कड्या प्रारंभी चकाकतात, पण सततच्या घर्षणाने मुलामा उडतो व गंज धरतो. स्टेनलेस स्टीलच्या कड्या गंजाला बऱ्याच अंशी दाद देत नाहीत. वेल्डिंगचा सांधा घासून गुळगुळीत केलेला असावा; अन्यथा बंद कडीचा सांधा बोटाला लागतो आणि तपासणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात नसती शंका उभी राहते. संचातील सर्व कड्या एकाच जाडीच्या, व्यासाच्या व चकाकीच्या असणे अनिवार्य आहे. दोन संचांतील कड्या एकत्र केल्यास खुली कडी वेगळी ओळखू येते.

प्रयोगस्थळाचा विचार

जादूविषयक पुस्तकांत बहुधा पडदा व पायऱ्यापायऱ्यांची आसने असलेले नाट्यगृह गृहीत धरलेले असते. जळगाव जिल्ह्यातील पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावी असे प्रयोग शाळेच्या पटांगणावर, गणेशोत्सवाच्या मंडपात किंवा मंगल कार्यालयात होतात. तेथे काही गोष्टी विशेष ध्यानात घ्याव्या लागतात.

- बैठक : लहान मुले मंचाला अगदी खेटून सतरंजीवर बसतात आणि पुष्कळदा तिन्ही बाजूंनी गर्दी होते. ९ मिमीची उघडी फट ३ मीटरवरून सुमारे १० कला इतकी, म्हणजे सहज दिसेल अशी असते. २० मीटरवरून ती जेमतेम दीड कला भरते. त्यामुळे गुपित फुटण्याची भीती मागच्या रांगेपेक्षा पुढच्या सतरंजीवर व बाजूंना अधिक असते. पहिली रांग काही अंतरावर ठेवणे आणि कडेची जागा मोकळी सोडणे हा यावरील सोपा उपाय होय.
- पार्श्वभूमी : चंदेरी कडी पांढऱ्या वा रंगीबेरंगी कनातीपुढे हरवून जाते. मागे गडद, एकरंगी कापड असावे.
- प्रकाश : उन्हात गुळगुळीत पृष्ठभागावरून तिरीप येऊन प्रेक्षकांचे डोळे दिपतात. संध्याकाळी एका बाजूच्या प्रखर दिव्यामुळे मागील पडद्यावर सावली पडते आणि झाकलेली फट सावलीत उघडी दिसू शकते.
- उष्णता : खानदेशातील उन्हाळ्यात तळहाताला घाम येतो व गुळगुळीत स्टील निसटते. खिशात कोरडा रुमाल ठेवणे आणि कड्या उन्हात तापू न देणे आवश्यक असते.

खरेदी व निगा

संच घेताना तो प्रत्यक्ष हाताळून पाहावा. सर्व कड्या एकावर एक रचल्यास वाकडी कडी लगेच लक्षात येते. खुल्या कडीच्या फटीतून दुसरी कडी न अडखळता जाते का, फटीची टोके हाताला बोचतात का, हे तपासावे. वापरानंतर कड्या कोरड्या कापडाने पुसून कापडी पिशवीत ठेवाव्यात. खुल्या कडीचा वापर सर्वाधिक होत असल्याने तिच्यावर ओरखडे अधिक पडतात; ते वेळोवेळी पॉलिश करून इतर कड्यांशी जुळते ठेवावे लागतात.

जादू आणि चमत्कार

रंगमंचीय जादूगार आपण कला सादर करीत आहोत हे प्रेक्षकांपासून लपवत नाही. तो केवळ तिची कृती लपवतो. तीच कृती दैवी शक्ती म्हणून दाखवली गेल्यास ती फसवणूक ठरते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते चमत्कार म्हणून दाखवल्या जाणाऱ्या कृती सादर करून त्यांमागील कारण उलगडून सांगतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे व लोकांना फसवणे हा गुन्हा आहे.

शिक्षणाच्या दृष्टीने लिंकिंग रिंग हा प्रयोग उपयुक्त आहे. 'बंद वलये गुंतत नाहीत' हा नियम ज्यास ठाऊक आहे, त्याला फट दिसली नाही तरी ती कोठेतरी आहे हे समजते. डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीवर तत्काळ विश्वास न ठेवता तिचे संभाव्य खुलासे शोधण्याची सवय विद्यार्थ्यांना या प्रयोगातून लावता येते.

हेही पाहा

- हातचलाखी
- जादूगार रघुवीर
- पी. सी. सरकार
- महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती