परकीय भाषा, भाषाविज्ञान आणि काही रूढ गैरसमज

विद्यापीठात परकीय भाषा किंवा भाषाविज्ञान शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याविषयी मराठी समाजात काही समजुती इतक्या रुजलेल्या आहेत की, घरातील वडीलधाऱ्यांपासून प्रवेशासाठी सल्ला देणाऱ्यांपर्यंत बहुतेक जण त्या गृहीत धरूनच बोलतात. त्यांपैकी सर्वांत प्रचलित समजूत अशी की, भाषावैज्ञानिक म्हणजे पुष्कळ भाषा बोलणारा माणूस. वस्तुतः अनेक भाषा येणे हे कौशल्य आहे, तर भाषाविज्ञान हे शास्त्र आहे. भाषेतील ध्वनी, शब्दांची घडण, वाक्यांची रचना आणि अर्थ कोणत्या नियमांनी चालतात आणि हे नियम काळानुसार व समाजानुसार कसे बदलतात, याचा शोध ते घेते. असा शोध एकाच भाषेवर, अगदी स्वतःच्या मातृभाषेवरही, आयुष्यभर घेता येतो.

मराठीचेच उदाहरण घ्या. ‘त्याने पोळी खाल्ली’ या वाक्यात कर्त्याला ‘ने’ हा प्रत्यय लागतो आणि क्रियापद कर्त्याप्रमाणे न बदलता ‘पोळी’च्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, परंपरागत व्याकरण यालाच कर्मणी प्रयोग म्हणते. ‘मी पोळी खाल्ली’ या वाक्यातही क्रियापद पोळीप्रमाणेच चालते, परंतु तेथे ‘ने’ येत नाही, आणि ‘तू’च्या बाबतीतही तो येत नाही. बोलणारा आणि ऐकणारा एका बाजूला व उरलेले सर्व कर्ते दुसऱ्या बाजूला, ही विभागणी मराठी मूल शाळेत पाऊल टाकण्याआधीच बिनचूक पाळत असते. विशेष म्हणजे ऑस्ट्रेलियातील डिर्बल या आदिवासी भाषेतही, तपशील निराळे असले तरी, कर्त्याच्या रूपांची फारकत याच सीमारेषेवर होते, आणि त्या भाषेचा मराठीशी कोणताही ज्ञात संबंध नाही. एकमेकींपासून इतक्या दूर वाढलेल्या दोन भाषांनी एकच रेषा का निवडावी, हा भाषाविज्ञानाच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

भाषाविज्ञान शुद्ध बोलायला शिकवते, ही दुसरी समजूत. भाषा कशी असावी हे सांगणाऱ्या व्याकरणाला आदेशात्मक आणि ती प्रत्यक्षात कशी आहे हे मांडणाऱ्या व्याकरणाला वर्णनात्मक म्हणतात. भाषाविज्ञानाचे काम दुसऱ्या प्रकारचे आहे. त्या दृष्टीने अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी या बिघडलेल्या मराठी नसून प्रत्येकीला स्वतःचे नियमबद्ध व्याकरण आहे, आणि म्हणूनच पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले. सांगलीजवळच्या कुपवाडचा दाखला तर जगभरच्या वर्गांत शिकवला जातो. मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदलेल्या या गावाचा अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. तेथील भाषांचे शब्द वेगवेगळे राहिले, पण व्याकरणे इतकी जवळ आली की एका भाषेतील वाक्य दुसरीत जवळजवळ प्रत्ययास प्रत्यय ठेवून सांगता येई, आणि तेथील मराठीने मानवेतर नामांना कन्नडप्रमाणे नपुंसकलिंगात घेतले होते. ‘अशुद्ध’ म्हणून जे बोलणे शिक्षक खोडून टाकील, त्यानेच भाषिक संपर्क, म्हणजे भाषांनी सहवासातून एकमेकींना घडवणे, या शाखेला एक पायाभूत पुरावा दिला.

संस्कृत ही जगातील सर्व भाषांची जननी आहे, हे विधान तर पुष्कळदा आदरापोटी केले जाते. परंतु संस्कृतचे खरे स्थान समजून घेणे हाच तिचा अधिक मोठा आदर होय. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत मांडलेला विचार असा होता की, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एखाद्या समान मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आता अस्तित्वात नसावे. फ्रान्झ बॉप यांनी १८१६ मध्ये क्रियापदांच्या रूपांची तुलना करून या विचाराला पद्धतशीर अभ्यासाची जोड दिली. म्हणजे संस्कृत ही या कुळातील वडील बहीण ठरते, सर्वांची आई नव्हे. शिवाय महाराष्ट्रातच पाहिले तर गोंडी आणि कोलामी या द्राविडी कुळातील आहेत, मेळघाटातील कोरकू मुंडा गटातील आहे, आणि बुलढाणा जिल्ह्याच्या परिसरातील निहाली कोणत्याच ज्ञात कुळात बसत नाही. एका राज्यात इतकी विविधता असताना तिच्याकडे पाठ फिरवणे, हे अभ्यासाच्या दृष्टीने मोठेच नुकसान आहे.

इंग्रजी माध्यमात न शिकलेल्याला परकीय भाषा जड जाते, ही समजूत विद्यार्थ्यांचे विनाकारण खच्चीकरण करते. जपानी भाषेत मराठीप्रमाणेच क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि संबंध दाखवणारे शब्द नामानंतर येतात. जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगे आहेत. ‘चारा’मधील ‘च’चा उच्चार जर्मन भाषेत ‘झेड’ या अक्षराने दाखवला जातो. मराठी चांगली येणे ही येथे अडचण नसून भांडवल आहे.

विद्यापीठातील परकीय भाषा म्हणजे संभाषणाचा वर्ग, हेही अर्धसत्य आहे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये प्रमाणपत्र आणि पदविका यांसारख्या अभ्यासक्रमांतून भाषेवर पकड मिळते. पदव्युत्तर अभ्यासात मात्र साहित्य, समाजेतिहास, अनुवाद आणि भाषाविज्ञान यांना महत्त्व येते. यंत्र अनुवाद करू लागल्यामुळे हे शिक्षण निरुपयोगी झाले, असेही म्हणता येत नाही, कारण यंत्राला लागणारी साधने भाषेचे जाणकारच उभारतात. आयआयटी मुंबईत तयार झालेले मराठी वर्डनेट, म्हणजे शब्दांचे अर्थसंबंध नोंदवणारा संगणकीय कोश, हे त्याचेच उदाहरण.

परकीय भाषा केवळ परदेशी नोकरीसाठी शिकायची, ही समजूत शेवटी इतिहासाच्या मुळावर येते. ग. ह. खरे यांनी फारसी कागदपत्रे संपादित केली आणि पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्यातील पोर्तुगीज दफ्तरे वाचून पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास लिहिला, तेव्हा त्या भाषा मराठी इतिहासाच्याच साधनभाषा ठरल्या. गोव्यात आणि लिस्बनमध्ये असलेल्या अशा कागदांचा मोठा भाग अजून मराठीत आलेला नाही. मोडीबरोबर पोर्तुगीज किंवा फारसी शिकण्याची तयारी असलेल्या विद्यार्थ्यांनी या कामाकडे अवश्य वळावे.